नौलीचा दाब मोजणारे स्वामी

सकाळी बागेत जोरजोरात श्वास सोडणाऱ्या मंडळींना विचारले, तर प्राणायामाने शरीराला प्राणवायू जास्त मिळतो, असे बहुतेक जण सांगतात. हा समज तपासून तो टिकत नसल्याचे सांगणारा माणूस योगीच होता, आणि तेही स्वातंत्र्यापूर्वी. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ मध्ये, गुजरातेतील डभोईचा. घरची गरिबी, तरी मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण झाले. पुढे अमळनेरला अध्यापन केले, आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले.

योगाचा गुण दिसत होता. तो कशामुळे येतो, याचे उत्तर पोथीत मिळेना. वैद्यकाची पदवी नसलेल्या या गृहस्थाने मग बडोद्याच्या रुग्णालयातील यंत्रांची मदत घेतली. उड्डियान आणि नौली करताना पोटाची क्ष-किरण तपासणी झाली, आतड्यातला दाब दाबमापकाने मोजला गेला. नौलीत तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो, असे दिसले. बस्ती करताना योगी पिचकारीशिवाय आतड्यात पाणी ओढून घेतात, ते याच पोकळीमुळे. या पोकळीला त्यांनी गुरूंचेच नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ त्रैमासिकात हे प्रयोग छापून येऊ लागले.

प्राणवायूचे मोजमापही तिथलेच. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन एरवीही सुमारे ९७ टक्के प्राणवायूने भरलेले असते. त्यात आणखी किती मावणार? प्राणायामाचा उपयोग त्यांनी मज्जासंस्थेवरील परिणामात शोधला. प्रयोगातील माणसे मोजकी होती, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. आजच्या निकषांवर एवढा पुरावा अपुराच. पण आपल्याच विद्येबद्दलचा लाडका समज खोडणारा निष्कर्ष स्वतःच्या नियतकालिकात छापायला धैर्य लागते.

आसन म्हणजे कसरत नव्हे, हेही ते बजावत. आसनात जोर लावायचा नाही, हिसका द्यायचा नाही. सावकाश, सुखाने स्थिर राहायचे. दमछाक झाली तर तो व्यायाम झाला, आसन नव्हे. मानेचे दुखणे किंवा वाढलेला रक्तदाब असूनही शीर्षासनाचा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

१९६३ मध्ये, मृत्यूच्या तीन वर्षे आधी, डॉ. विनेकरांसह लिहिलेले त्यांचे योगोपचारावरचे इंग्रजी पुस्तक केंद्रीय आरोग्य खात्याने प्रसिद्ध केले. आसने, प्राणायाम आणि क्रिया त्यात आहेतच. त्यांच्या बरोबरीने योग्य मनोवृत्ती, आहार आणि मलविसर्जनाच्या नियमितपणालाही तिथे तेवढेच महत्त्व दिलेले आहे. यातले शेवटचे दोन विषय योगवर्गात क्वचितच निघतात.