धुरंधरांची तालीम

चित्रासमोर उभे राहिल्यावर आपण चित्रकाराचे नाव वाचतो, फार तर साल वाचतो आणि पुढे सरकतो. त्या चित्रामागे त्याने किती वर्षे आणि कोणाच्या हाताखाली गिरवले, असा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो. रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या वाट्याला या अनास्थेबरोबर एक आरोपही आला. त्यांची कला म्हणजे साहेबी वळणाची नक्कल, असे म्हटले गेले. हा आरोप तपासून पाहणे अगत्याचे आहे.

धुरंधरांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. शिक्षणक्रम इंग्लंडमधील शाळांच्या धर्तीवर आखलेला होता. आधी छापील नमुन्यांवरून रेखाटन, मग ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाशाचा अभ्यास, आणि त्यानंतर जिवंत माणूस समोर बसवून चित्रण, अशा त्याच्या पायऱ्या. हे सारे परके होते, यात शंका नाही. परंतु शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनीच १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करवून घेतल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

शिक्षणाचे फळ लवकरच दिसले. १८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले. ज्या चित्राला ते मिळाले, त्याचा विषय मराठी घरातला होता. पुतळ्यांच्या वस्त्रांच्या चुण्या गिरवून तयार झालेला हात आता नऊवारीच्या निऱ्यांवर फिरू लागला. मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे त्यांनी एडवर्ड्‌सच्या १९१२ मधील पुस्तकासाठी रेखाटली. आपल्या व्रतांच्या कहाण्या किंकेडने १९१४ मध्ये इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्यांनाही धुरंधरांचीच चित्रे लाभली. रॉथफेल्डच्या १९२० मधील ग्रंथात निरनिराळ्या जातिजमातींच्या भारतीय स्त्रिया त्यांनी पेहरावासह उभ्या केल्या. त्या काळच्या मराठी माणसाचे उठणे-बसणे, पागोटे आणि दागिने आज पाहायचे, तर या चित्रांकडे वळावे लागते.

त्यांच्या ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रांत कधी कधी नाटकी मांडणी डोकावते, हे मान्य केले पाहिजे. त्याच सुमारास कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकूर पाश्चात्त्य पद्धतीकडे पाठ फिरवून वेगळी वाट शोधीत होते. तिचे मोल मोठेच आहे. पण एका वाटेच्या गौरवासाठी दुसरीला दास्य ठरविणे न्याय्य नव्हे. पद्धत उसनी असली, तरी डोळा धुरंधरांचा स्वतःचा होता, आणि तो सतत घराकडे वळलेला होता.

शिकलेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. त्याच शाळेत ते शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत शिकवीत राहिले. विद्यार्थिदशेसह या काळाची कहाणी त्यांनी १९४० साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मवृत्तात सांगितली. १९४४ साली ते निवर्तले.

आपल्या शाळांतून चित्रकलेचा तास इतर विषयांसाठी सर्रास खर्ची पडतो. प्रतिभा उपजत असते, तिला तालमीची गरज नाही, असा त्यामागचा छुपा समज असावा. धुरंधरांचे चरित्र या समजाला उत्तर देते. म्हणूनच चित्रकाराच्या नावाखाली त्याच्या गुरूंचे आणि शाळेचे नावही लिहिले जावे. नव्या विद्यार्थ्याला त्यावरून आपली वाट किती लांबची आहे ते उमगेल.