मेंडेलीव्ह : धातूंची नाती जुळविणारा शास्त्रज्ञ

तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र आठवते. 1969 साली ते सुरू झाले आणि युरेनियम हा शब्द आमच्या पालघर-बोईसरच्या खेड्यापाड्यांत पोचला. या धातूची खरी संयुजा त्याच्या शंभर वर्षे आधीच्या काळात ओळखणारे दिमित्री मेंडेलीव्ह मात्र आपल्याला फारसे परिचित नाहीत.

सैबेरियातील तोबोल्स्क गावी 8 फेब्रुवारी 1834 रोजी त्यांचा जन्म झाला. मोठ्या कुटुंबातले ते शेंडेफळ. शिक्षक असलेल्या वडिलांची दृष्टी गेली आणि 1847 मध्ये ते वारले. आई मारिया काचेचा कारखाना चालवून संसार रेटीत होती. तोही 1848 साली आगीत भस्मसात झाला. तरी त्या माउलीने हाय खाल्ली नाही. मुलाला घेऊन ती मॉस्कोला गेली. तेथे प्रवेश मिळेना, तेव्हा सेंट पीटर्सबर्ग गाठले. 1850 मध्ये मुलाला अध्यापक संस्थेत प्रवेश मिळाला आणि थोड्याच काळात आईने डोळे मिटले.

1869 साली मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडताना मेंडेलीव्ह यांना दिसले की, ठरावीक अंतराने तीच संयुजा, म्हणजे इतर अणूंशी जोडले जाण्याची क्षमता, पुन्हा येते. युरेनियमचा अणुभार तेव्हा सुमारे 120 मानीत. त्या जागी तो बसेना. त्यांनी त्याची कमाल संयुजा 6 धरली आणि अणुभार दुप्पट केला. न सापडलेल्या धातूंसाठी रिकामी घरे ठेवून त्यांना संस्कृत ‘एक’ शब्दावरून नावे दिली. त्यांतील ‘एका-ॲल्युमिनियम’ 1875 मध्ये गॅलियम म्हणून सापडला.

संयुजेचे मूळ मात्र इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. सोडियमची मांडणी 2, 8, 1; शेवटचा एक तो सहज देऊन टाकतो, म्हणून संयुजा 1. त्याच हिशेबाने मॅग्नेशियमची 2, ॲल्युमिनियमची 3. लोखंड बाहेरचे दोन देते, प्रसंगी आतल्या कवचातला आणखी एक. म्हणून त्याची संयुजा 2 किंवा 3. युरेनियम जास्तीत जास्त सहा देतो.

इलेक्ट्रॉन 1897 मध्ये सापडला. पण मेंडेलीव्ह यांना ती कल्पना पटली नाही. 2 फेब्रुवारी 1907 रोजी ते गेले. जे त्यांनी नाकारले, त्यानेच पुढे त्यांची सारणी खरी ठरविली!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून सारणीकडे पाहताना मला आधी ती मारिया आठवते.