उशिरा लिहायला शिकलेले गणितज्ञ : जेकब स्टाइनर



एखादं मूल लिहिण्यात मागे पडलं की आपण लगेच त्याच्यावर ‘कच्चं’ असा शिक्का मारतो. म्हणूनच आज जेकब स्टाइनर यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १८ मार्च १७९६ रोजी स्वित्झर्लंडमधील उत्सेनस्टॉर्फ या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. चौदा वर्षांचे होईपर्यंत त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्या कामाला हातभार लावायचा. तोंडी हिशेब मात्र पक्का. अठराव्या वर्षी आई-वडिलांच्या मनाविरुद्ध घर सोडून ते पेस्टालॉझी यांच्या शाळेत गेले. आपण डी.एड.ला अभ्यासलेले तेच पेस्टालॉझी! पुढे स्टाइनर तिथेच गणित शिकवू लागले. नंतर बर्लिनला शिकवण्या करून दिवस काढले आणि १८३४ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्यांची एक युक्ती आपल्यालाही करून पाहता येईल. कागदाचा वेडावाकडा आकार घ्या. त्याच्या उभ्या बारीक पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी वर-खाली सरकवून तिचा मध्य एकाच आडव्या रेषेवर आणा. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, पण नव्या आकाराची परिमिती वाढत नाही, बहुतेक वेळा कमीच होते. यालाच सममितीकरण म्हणतात. यावरून त्यांनी दाखवलं की ठरावीक क्षेत्रफळासाठी सर्वांत कमी परिमिती वर्तुळाची असते. पण एक उणीव राहिली. असा सर्वोत्तम आकार असतोच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. ती उणीव पुढे वायरश्ट्रास यांनी भरून काढली.

अपुरी सिद्धता म्हणून युक्ती वाया गेली का? मुळीच नाही. समान ताणाच्या आणि समान क्षेत्रफळाच्या कातड्यांमध्ये गोल ढोलकाचा मूळ स्वर सर्वांत खालचा असतो, हा रॅले यांचा अंदाज होता. १९२० च्या दशकात फाबर आणि क्रान यांनी सममितीकरणाच्याच विचाराने तो सिद्ध केला. १९७६ मध्ये तालेंती यांनी दाखवलं की अवघड आकारावरचं समीकरण न सोडवताही, गोल आकारावरच्या उत्तराशी तुलना करून त्याची कमाल मर्यादा सांगता येते.

१ एप्रिल १८६३ रोजी बर्न येथे स्टाइनर यांचं निधन झालं. जाताना त्यांनी आपल्या गावच्या शाळेत तोंडी गणितात हुशार असणाऱ्या मुलांच्या बक्षिसांसाठी पैसे ठेवले.

तर मित्रांनो, पाटी कोरी आहे म्हणून डोकं कोरं समजू नका. उद्या वर्गात त्या मुलाला तोंडी विचारून बघा.