मेणबत्तीतून रसायन शिकवणारे फॅरेडे

विज्ञान म्हटले की आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरकाचे मुद्दे शाळेत आपण पाठ केले, पेपरात लिहिले आणि विसरून गेलो. पण हाच विषय एका साध्या मेणबत्तीवर शिकवणारे एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले, आणि त्यांना स्वतःला शाळा जेमतेमच लाभली होती. ते म्हणजे मायकेल फॅरेडे.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, त्यातून आजारी. लिहिणे, वाचणे आणि आकडेमोड एवढेच शिक्षण पदरात पडले. चौदाव्या वर्षी ते रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बुकबाइंडिंग शिकू लागले. हाती आलेले पुस्तक बांधता बांधता ते वाचूनही काढीत. जेन मार्सेट या बाईंच्या संवादरूपी रसायनशास्त्राने त्यांना झपाटून टाकले. वाचलेले खरे की खोटे, हे परवडेल तेवढ्या साहित्यात ते स्वतः करून पाहत.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे यांनी चारही व्याख्यानांची टिपणे सुबक बांधून डेव्हींकडे पाठवली व काम मागितले. मार्च १८१३ मध्ये ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले. पुढे १८२५ मध्ये त्यांनी बेंझीन शोधले आणि १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन.

एवढा मोठा माणूस नाताळच्या सुट्टीत मुलांपुढे उभा राही. १८२७ ते १८६० या काळात त्यांनी अशा व्याख्यानमाला १९ वेळा दिल्या. त्यांतील मेणबत्तीवरची माला अजरामर झाली. मेण वितळते आणि गार झाले की पुन्हा मेणच होते. हा भौतिक बदल. वितळलेले मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. हे पटावे म्हणून ते ज्योतीच्या मधोमध काचेची नळी धरीत आणि बाहेर आलेली वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवीत. जळालेले मेण मात्र परत मिळत नाही. ज्योतीवर बर्फाचे भांडे धरले की तळाशी पाण्याचे थेंब जमतात. ज्योतीवरची हवा चुन्याच्या निवळीत सोडली की निवळी दुधाळ होते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड हे नवेच पदार्थ तयार झाले. हा रासायनिक बदल. निवळीत आपण फुंकर मारली तरी ती तशीच दुधाळ होते. म्हणजे ज्योत आणि आपला श्वास यांचे नाते एकच!

२५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले होते. मुलांना शिकवणे मात्र त्यांना कधी कमीपणाचे वाटले नाही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. घरी विचारायला कोणी नाही, म्हणून पाठांतर हाच आपला एकमेव मार्ग, असे माझ्यासारख्या अनेकांना वाटते. लोहाराच्या या मुलाने दुसरा मार्ग दाखवला: आधी पाहा, मग करून पाहा आणि मगच माना. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. वीज गेल्यावर घरात पेटवलेली मेणबत्ती पुरते.