प्रथिनांचा नकाशा रेखणारे रामचंद्रन

दोन प्रथिने एकमेकांना नेमकी कशी बिलगतील, औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसेल, याचे अंदाज आता संगणक बांधतो. अशा हजारो संभाव्य जुळण्यांतून निरुपयोगी जुळण्या गाळताना एक अट कायम लागते : दोन अणूंनी ठरावीक अंतराहून जवळ येता कामा नये. प्रथिनाच्या साखळीला ही अट काटेकोरपणे लावून दाखवली ती मद्रासमध्ये, जी. एन. रामचंद्रन यांनी, आणि तीही एका वादातून.

८ ऑक्टोबर १९२२ रोजी एर्नाकुलम येथे जन्मलेले गोपालसमुद्रम नारायणन रामचंद्रन हे गणिताच्या प्राध्यापकांचे चिरंजीव. १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते दाखल झाले विद्युत अभियांत्रिकीसाठी, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे ओढून घेतले. केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतल्यावर १९५२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, ते मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले.

त्वचा, हाडे आणि स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना तेव्हा अज्ञात होती. जवळच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतून त्यांना कांगारूच्या शेपटीतील कोलॅजेन मिळाले. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी क्ष-किरणांच्या आधारे तीन पेडांची वेणीसारखी रचना सुचवली. १९५४ आणि १९५५ मध्ये ती 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली.

यावर आक्षेप घेतला तो फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी. या रचनेत काही अणू नको तितके जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते. तपशिलात पुढे आक्षेपकांची बाजूच सरस ठरली, हे मान्य करावे लागते. तीन पेडांची मूळ कल्पना मात्र टिकली. पण 'नको तितके जवळ' म्हणजे किती, हा प्रश्न रामचंद्रन यांनी सोडला नाही. ज्ञात स्फटिकरचना धुंडाळून त्यांनी अणूंमधील किमान अंतरे ठरवली : दोन कार्बन अणूंत साधारण ३.२ अँगस्ट्रॉम, अगदी टोकाला ३.०. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.

मग सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह, साध्या गणनयंत्रांवर, त्यांनी साखळीच्या प्रत्येक सांध्याचे दोन कोन फिरवून पाहिले. बहुतेक ठिकाणी अणू एकमेकांवर आदळत होते. मोकळी जागा थोडीच उरत होती. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा आलेख म्हणजेच 'रामचंद्रन नकाशा'. प्रथिनाची रचना प्रयोगातून आलेली असो वा संगणकाने वर्तवलेली, ती आजही या नकाशावर तपासली जाते. मुळातच चुकीच्या घडणीच्या प्रथिनावर जुळणीचे गणित मांडणे व्यर्थच!

सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते बंगळुरूला परतले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. क्ष-किरणांच्या छायांवरून शरीराच्या आतील चित्र उभे करण्याची गणिती रीतही त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह १९७१ मध्ये मांडली. सीटी स्कॅनला ती उपयोगी पडली. १९७७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलने मात्र हुलकावणी दिली.

अखेरची वर्षे कंपवाताने ग्रासलेली होती. १९९८ मध्ये पत्नी राजलक्ष्मी यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी स्फटिकशास्त्रातील मानाचे इवाल्ड पारितोषिक त्यांना जाहीर झाले. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांनी जगाचा निरोप घेतला.