उघड्या मोटारीचा शौक आणि जे. आर. डी. टाटा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते. बहुधा ते संताचे, समाजसुधारकाचे किंवा एखाद्या आदर्श मातेचे असते. यंदा मी एका कारखानदाराचे चरित्र लिहायला घेतले आहे, याचे काही भगिनींना नवल वाटेल. शिवाय मी सुरुवात करणार आहे ती त्यांच्या कारखान्यांपासून नव्हे, तर त्यांच्या तरुणपणच्या एका शौकापासून. शौक म्हटला की आपण नाक मुरडतो. परंतु माणसाने तो मनापासून आणि जबाबदारीने जोपासला, तर त्यातूनच केवढे लोकोपयोगी काम उभे राहते, हे जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्रावरून चांगले कळते.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी हे थोर उद्योगपती जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि कारभारातले भागीदार. आई सुझान ही फ्रेंच. लग्नानंतर तिने पारशी रीतिरिवाज स्वीकारले आणि सूनी हे नाव घेतले. या माउलीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. 1905 साली तिने हिंदुस्थानात मोटार चालविली आणि या देशात मोटार चालविणारी ती पहिली स्त्री, असे मानले जाते. त्या काळी आपल्याकडे सुनेने पायात चप्पल घालून घराबाहेर पडले तरी चर्चा होई. तेव्हा एक बाई चाक हाती घेऊन रस्त्याने निघाली, हे पाहून लोकांना काय वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे मुलाला जो मोटारींचा नाद लागला, त्याचे मूळ आईकडेच होते असे मला वाटते.

जहांगीरचे बालपण काही फ्रान्समध्ये तर काही मुंबईत गेले. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर हार्डेलो या गावी त्यांचे सुटीतले घर होते. इंग्लंड व फ्रान्समधील खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते. किनाऱ्यावर उतरणारी विमाने पाहताना मुलाच्या मनाने पंख पसरले. पंधराव्या वर्षी तो प्रथम विमानात बसला, आणि आपणही एक दिवस विमान चालवायचे, हे त्याने ठरवून टाकले.

घरात सुबत्ता होती, पण दैवाने दुःखही दिले. 1923 साली आई क्षयाने गेली. त्या वेळी जहांगीर एकोणीस वर्षांचा होता. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे अशी त्याची फार इच्छा होती, परंतु वडिलांनी 1925 साली त्याला मुंबईस कामावर बोलावून घेतले. विनावेतन उमेदवार म्हणून तो टाटांच्या कचेरीत बसू लागला. वर्षभरात, 1926 साली, वडीलही गेले. बाविसाव्या वर्षी भावंडांची आणि घराण्याच्या नावाची जबाबदारी त्याच्या खांद्यावर आली. कॉलेजचे शिक्षण हुकले याची खंत त्यांना जन्मभर राहिली. रात्र-रात्र पुस्तके वाचून त्यांनी ती कसर भरून काढली. आम्हा सातवी शिकून संसाराला लागलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

या उमेदवारीच्या काळातच त्यांच्याकडे ती प्रसिद्ध मोटार होती. बुगाटी हे तिचे नाव. फ्रान्समध्ये एतोर बुगाटी नावाचे कारागीर या गाड्या बनवीत आणि शर्यतींत त्यांचा मोठा दबदबा होता. जे. आर. डीं.ची गाडी निळ्या रंगाची होती. तिला ना टप, ना मडगार्ड. आपल्या घरच्या गाडीत आपण काचा लावून, पडदे ओढून बसतो. तिच्यात असे काही नव्हते. वर आभाळ, समोर रस्ता आणि तोंडावर वारा. अंगावर नको ते ओझे नसल्याने अशी गाडी हलकी असते, आणि हलकी गाडी चटकन वेग घेते, वळणावर सहज वळते. डोक्यावर घागर घेऊन चालणे आणि मोकळ्या हाताने चालणे यांत जो फरक, तोच येथेही.

अशी उघडी गाडी पावसाळ्यात कामाची नाही आणि वैशाखाच्या उन्हात अंग भाजून काढील. तिची खरी मौज फाल्गुन-चैत्रात. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना सकाळचा गार वारा आणि पळसाचा फुलोरा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना अशा गाडीतल्या फेरफटक्याचे सुख निराळे समजावून सांगायला नको. आपण एस.टी.च्या खिडकीतून ते घेतले असेल, एवढेच!

जे. आर. डीं.ना मात्र नुसत्या फेरफटक्याने समाधान नव्हते. मुंबई ते पुणे हे जुन्या रस्त्याने सुमारे 190 किलोमीटरचे अंतर. मध्ये खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा अवघड घाट. इतरांना जेथे चार तास लागत, तेथे त्यांनी अडीच तासांत पुणे गाठून त्या वेळचा विक्रम केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. आजच्यासारखा रुंद रस्ता नसताना ताशी पंचाहत्तर किलोमीटरची सरासरी राखणे हे केवळ धाडस नव्हे. गाडीचा आवाज, ब्रेकची पकड आणि पुढचे वळण यांवर अखंड लक्ष ठेवावे लागते.

तरीही तारुण्याचा वेग तो! मुंबईत मोटार फार वेगाने चालविल्याबद्दल त्यांच्यावर कोर्टात उभे राहण्याची पाळी आली. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी नावाचे नामांकित वकील गाठले. त्या घरी वकिलांची पुतणी थेल्मा त्यांच्या दृष्टीस पडली, आणि डिसेंबर 1930 मध्ये दोघांचा विवाह झाला. खटल्यातून सोयरिक जमल्याचे हे उदाहरण विरळाच! पण यातली गंमत सोडली तर मला असे वाटते की वेगाच्या नादाला कोठेतरी लगाम हवा, हेही त्यांना त्याच सुमारास उमगले असावे. कारण यापुढे तोच नाद शिस्तीच्या वाटेला लागलेला दिसतो.

1929 साली जुहू येथे ते विमान चालविण्यास शिकले. 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिला गेलेला तो पहिलाच परवाना, क्रमांक एक. पुढल्या वर्षी इंग्लंड व हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने उडत पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास आगाखानांनी बक्षीस लावले. जे. आर. डी. कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा तरुण तिकडून इकडे निघाला. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा इंजिनाच्या प्लगांवाचून अस्पी अडून बसला होता. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. पुढे बक्षीस अस्पीनेच जिंकले, तेही थोडक्या तासांच्या फरकाने. ज्याला वेगाचे एवढे वेड, त्याने शर्यत चालू असता प्रतिस्पर्ध्याची गाडी मार्गी लावावी, याला मोठे मन लागते.

15 ऑक्टोबर 1932 रोजी लहानशा पुस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. आपल्या देशातील विमान कंपनीचा हा शुभारंभ. जुहूची जागा पावसात चिखलाने भरून जाई, म्हणून पावसाळ्यात विमाने पुण्याहून उडत. 1936 साली त्यांचा धाकटा भाऊ विमान अपघातात दगावला. असा घाव बसल्यावर कोणीही या मार्गाकडे पाठ फिरविली असती. त्यांनी काम सोडले नाही. 1946 साली कंपनीला एअर इंडिया नाव मिळाले आणि 1948 च्या जूनमध्ये तिचे विमान मुंबईहून लंडनला गेले. 1953 साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली. मनाला लागले तरी सरकारच्या विनंतीवरून ते 1978 पर्यंत विनावेतन अध्यक्ष राहिले. (पुढे 2022 साली ती कंपनी पुन्हा टाटांकडे आली, हे पाहायला ते नव्हते.)

या अध्यक्षाची एक सवय आपणा गृहिणींना फार आवडेल. विमानातून प्रवास करताना ते बारीक नजरेने सगळे पाहात. पडदे मळके आहेत का, चहा नीट झाला आहे का, न्हाणीघर स्वच्छ आहे का, याची टिपणे काढून ते कचेरीला पाठवीत. कोठे धूळ दिसली तर स्वतः फडके घेऊन पुसण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

1938 साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख झाले आणि 1991 पर्यंत राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1941 साली, परळचे कॅन्सर इस्पितळ सुरू झाले. आपल्या सातारा-सांगलीकडच्या किती घरांत अमक्याला टाटाला नेले आहे, हे वाक्य काळजीने आणि आशेने उच्चारले गेले असेल! 1945 साली टेल्को कंपनी निघाली आणि 1954 पासून तिच्या मालमोटारी रस्त्यावर आल्या. आपल्या भागात ऊस, हळद, द्राक्षे वाहणाऱ्या कितीतरी गाड्यांवर हे नाव आहे, एस.टी.च्या अनेक गाड्याही त्याच सांगाड्यावर बांधलेल्या. उघड्या गाडीतून एकटा वाऱ्याशी खेळणारा तरुण असा लाखोंच्या प्रवासाला कारण झाला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1974 साली टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली. तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे होते. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी रागाने थेट जे. आर. डीं.ना एक पोस्टकार्ड धाडले. एवढ्या मोठ्या माणसाने एका विद्यार्थिनीच्या कार्डाची दखल घेतली. तिला मुलाखतीला बोलावणे आले आणि पुण्याच्या कारखान्यात ती नोकरीला लागली. ज्याच्या आईने 1905 साली चाक हाती घेतले, त्याच्या मोटारींच्या कारखान्याचे दार बायकांना सत्तर वर्षे उलटत आली तेव्हा उघडले. उशीर झाला खरा, पण एका मुलीच्या पोस्टकार्डाने ते उघडले.

त्यांना मूलबाळ नव्हते. 1992 साली त्यांना भारतरत्न मिळाले. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनिव्हा येथे त्यांनी देह ठेवला आणि पॅरिसमध्ये आईवडिलांच्या सान्निध्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली. पहिल्या टपाल उड्डाणाच्या पन्नासाव्या वर्षी, 1982 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोच प्रवास त्यांनी पुन्हा एकट्याने उडून केला होता. शौक शेवटपर्यंत ताजा राहिला.

भगिनींनो, आपल्या मंडळातल्या काही जणी हल्ली स्कूटर शिकतात, दोघी-तिघी मोटारही शिकताहेत. या वयात हे कशाला, असे घरीदारी विचारले जाते. एखादीला गाणे शिकावेसे वाटते, एखादीला सायकलवरून नदीकाठी चक्कर मारावीशी वाटते, तेव्हाही हाच प्रश्न पुढे येतो. त्या सर्वांसाठी मी हे चरित्र निवडले. शौक करावा, पण बुगाटीइतका हलका ठेवावा. त्यावर अहंकाराचे ओझे नको. ब्रेक शाबूत असावेत, आणि वाटेत कोणी अडले असेल तर आपल्याजवळचा जादा प्लग काढून द्यावा.