पादचाऱ्यांचे नगर आखणारे क्लॅरेन्स स्टाइन

१९२८ साली अमेरिकेतील मोटारींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली होती. शहरांची रचना मात्र अद्याप घोडागाडीच्या काळातलीच होती. एकमेकांना काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, त्यांच्या दोन्ही अंगांना घरे आणि थोड्या थोड्या अंतरावर चौक, असा तो साचा होता. शाळेला निघालेल्या मुलाला वाटेत कित्येक रस्ते ओलांडावे लागत. रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी वीस हजारांहून अधिक माणसे प्राणाला मुकत होती आणि त्यांत पायी चालणाऱ्यांचा, विशेषतः लहान मुलांचा, वाटा मोठा होता. त्यावर पादचाऱ्यांनी जपून चालावे, असा उपदेश केला जात असे. चालणाऱ्याला मोटारीच्या वाटेत यावेच लागणार नाही, अशी वस्ती आखता येईल, हे प्रत्यक्षात दाखवून देणाऱ्या वास्तुविशारदाचे नाव क्लॅरेन्स स्टाइन.

स्टाइन यांचा जन्म १९ जून १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. बालपण मुख्यतः न्यूयॉर्क शहरात गेले. पॅरिसच्या विख्यात कलाशाळेत वास्तुकलेचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि बर्ट्रम गुडह्यू या नामवंत वास्तुविशारदाच्या कार्यालयात रुजू झाले. तथापि भव्य इमारतींपेक्षा सामान्य माणसाच्या निवाऱ्याचा प्रश्न त्यांना अधिक जवळचा वाटू लागला. १९२३ साली न्यूयॉर्क राज्याच्या गृहनिर्माण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी लुईस ममफर्ड, बेंटन मॅके आणि हेन्री राइट यांच्यासह त्यांनी प्रादेशिक नियोजनाचा विचार करणारी एक छोटी संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी स्टाइन व राइट इंग्लंडला गेले आणि उद्याननगरांचे प्रवर्तक एबेनेझर हॉवर्ड यांना भेटले.

बांधकाम व्यावसायिक अलेक्झांडर बिंग यांच्या कंपनीसाठी या जोडीने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सनीसाइड गार्डन्स ही वसाहत उभारली. मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या या कंपनीचा हा पहिला प्रकल्प १९२४ ते १९२८ या काळात पूर्ण झाला. घरांच्या मधोमध सामायिक बागा आल्या. परंतु पालिकेने आधीच आखलेले रस्ते बदलण्याची मुभा मिळाली नाही. बाग सुरक्षित होती, पण तिच्या पलीकडचा रस्ता जुनाच राहिला. रस्त्यापासूनच आरंभ केल्याविना हा प्रश्न सुटणार नाही, हा धडा दोघांना तेथे मिळाला.

ती संधी न्यू जर्सीतील फेअर लॉन येथे मिळाली. शेतजमिनीवर २५ हजार वस्तीचे रॅडबर्न नगर वसवण्याचे ठरले आणि मे १९२९ मध्ये पहिली कुटुंबे राहावयास आली. स्टाइन व राइट यांनी लहान चौकोन मोडून तीस ते पन्नास एकरांचे मोठे खंड केले. वेगवान वाहतूक खंडाच्या कडेने जाई. आत शिरत त्या फक्त एका तोंडाच्या आखूड गल्ल्या. पुढे वाटच नसल्याने त्यांत परक्या गाड्या येण्याचे कारण उरत नसे. घरांची तोंडे फिरवली गेली. स्वयंपाकघर गल्लीकडे, तर बैठकीची व निजण्याची खोली बागेकडे. खंडाच्या मध्यभागी लांबलचक उद्यान आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटा. जेथे पायवाट व मोठा रस्ता एकमेकांना भेटत, तेथे रस्त्याखालून भुयारी मार्ग काढला. ही युक्ती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एकोणिसाव्या शतकातच वापरली गेली होती; स्टाइन यांनी ती रोजच्या राहत्या वस्तीत आणली. मुलाने घरातून निघावे आणि एकही रस्ता न ओलांडता शाळेत पोहोचावे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू होता.

पहिली कुटुंबे येऊन काही महिने होतात न होतात तोच शेअर बाजार कोसळला. मंदीत रहिवाशांचे हप्ते थकले, घरे विकली जाईनात आणि १९३४ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. नियोजित नगराचा जेमतेम १४९ एकरांचा तुकडा तेवढा उभा राहिला. परंतु त्या तुकड्याने आपले काम चोख केले. पहिल्या वीस वर्षांत तेथे रस्त्यावर दोनच मृत्यू झाले आणि तेही गल्ल्यांत नव्हे, तर हमरस्त्यांवर, अशी नोंद स्टाइन यांनी १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात केली. पुढे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील ४७ टक्के रहिवासी वाणसामानासाठी पायी जात असल्याचे आढळले.

रॅडबर्नमधील उणिवाही स्टाइन यांनी झाकून ठेवल्या नाहीत. मुले उद्यान सोडून गल्लीच्या फरसबंद जमिनीवरच खेळायला येतात आणि पाहुणेही मागच्या दारानेच आत येतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील ज्या सरकारी वसाहतींनी हा आराखडा उचलला, तेथे कोणाचीच नजर नसलेल्या निर्जन पायवाटा पुढे डोकेदुखी ठरल्या. अमेरिकी उपनगरांनी तर बंद गल्ली तेवढी घेतली. उद्यान, पायवाटा आणि भुयारी मार्ग वगळले. परिणामी दुकान हाकेच्या अंतरावर असूनही मोटारीवाचून गत्यंतर उरले नाही. नेदरलँड्सने नंतर निराळी वाट धरली. तेथे गल्लीतच मोटारीला चालण्याच्या वेगावर आणून मुलांना खेळण्याचा हक्क देणाऱ्या रस्त्यांना १९७६ साली कायद्याची मान्यता मिळाली.

भारताशीही या विचाराचा धागा जुळतो. चंडीगडचा पहिला आराखडा करणारे अल्बर्ट मेयर हे स्टाइन यांचे सहकारी होते. त्यांच्या आराखड्यातील मोठे निवासी खंड आणि मधली हिरवळ रॅडबर्नच्याच कुळातली होती. १९५१ साली काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले. त्यांनी रेषा बदलल्या, परंतु वेगवान वाहतूक सेक्टरच्या बाहेर व आत हिरव्या पट्ट्यांतून पादचारी हे सूत्र कायम ठेवले.

अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेने १९५६ साली स्टाइन यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. ७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ९२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २००५ साली रॅडबर्नला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. २५ हजारांचे नगर कधीच पुरे झाले नाही. मात्र अपघाताचे उत्तर पादचाऱ्याच्या सावधपणाआधी रस्त्याच्या आखणीत शोधले पाहिजे, हे स्टाइन यांचे म्हणणे त्या १४९ एकरांनी सिद्ध करून ठेवले आहे.